सोलापूरच्या जुन्या पेठेत वन बीएचके भाड्याने घेताना

बाळीवेस, मधला मारुती, टिळक चौक, माणिक चौक, उत्तर आणि दक्षिण कसबा, शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ हे सोलापूरचं जुनं गाव. इथं वन बीएचके बहुतेक वेळा जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडच्या नव्या अपार्टमेंटपेक्षा कमी भाड्यात मिळतं. शिवाय बाजार हाकेच्या अंतरावर, नवी पेठ चालत, सिद्धेश्वराचं देऊळ चालत. विद्यार्थी, नुकतं लग्न झालेलं जोडपं, बदलीवर आलेले नोकरदार यांना हा भाग सोयीचा पडतो. पण इथल्या घराचा खरा खर्च मालकाने सांगितलेल्या आकड्यात मावत नाही. पाणी किती दिवसांनी आणि किती येतं, वरचं छत कसलं आहे, मीटर कुणाचा आहे आणि समोरचा माणूस हे घर द्यायला हक्कदार आहे का, एवढं कळल्याशिवाय भाडं जास्त की कमी हे ठरवताच येत नाही. म्हणून घासाघीस सगळ्यात शेवटी करावी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. जाहिरातीत "वन बीएचके" लिहिलेलं असलं तरी जुन्या पेठेत त्याखाली तीन वेगवेगळ्या प्रकारची घरं येतात. पहिला प्रकार म्हणजे वाड्यातल्या दोन-तीन सलग खोल्या. त्यातल्या एका खोलीत ओटा आणि मोरी केलेली असते, संडास अंगणात किंवा जिन्याखाली असतो, कधी दोन बिऱ्हाडांत मिळून एकच असतो. दुसरा प्रकार खाली मालक, वर भाडेकरू अशा दुमजली स्लॅबच्या घराचा. तिसरा, जुना वाडा पाडून त्याच अरुंद जागेवर उभ्या केलेल्या तीन-चार मजली इमारतीतला फ्लॅट. तिन्हींचे फायदे-तोटे निराळे आहेत. फोनवरच विचारा: संडास-बाथरूम स्वतंत्र आहे का, नळ स्वतंत्र आहे का, लाईटचा मीटर स्वतंत्र आहे का. या तीन उत्तरांत निम्मी घरं गळतात आणि उन्हातान्हातली पायपीट वाचते.

पाणी

सोलापूरला उजनी धरणातून पाणी येतं आणि शहरात ते रोज सुटत नाही, काही दिवसांआड सुटतं. हे अंतर भागाभागात आणि ऋतूप्रमाणे बदलतं, जलवाहिनी फुटली की आणखी लांबतं. त्यामुळे घर बघताना "पाण्याची सोय आहे का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण सगळेच हो म्हणतात. विचारायचं ते असं: पाणी किती दिवसांनी सुटतं, किती वाजता सुटतं, किती वेळ राहतं, आणि तो नळ किती बिऱ्हाडांत आहे. मालकाला विचाराच, पण शेजारच्या घरातल्या बाईंना किंवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारालाही विचारा. ज्यांना रात्री उठून पाणी भरावं लागतं त्यांचं उत्तर नेमकं असतं.

आता हिशोब. शहरी पाणीपुरवठ्याचं आपल्याकडचं प्रमाण माणशी रोज १३५ लिटर आहे. साठवणुकीवर जगणारं घर काटकसरीने माणशी १०० लिटरमध्ये भागवतं असं धरू. दोन माणसं आणि पाच दिवसांचं अंतर असेल तर १,००० लिटर लागतील. एक दिवस पुढं ढकलला जाईल हे गृहीत धरून १,२०० लिटर. म्हणजे २०० लिटरची सहा टिपाडं, किंवा एक १,००० लिटरची टाकी आणि एक टिपाड. तिघं असाल तर १,८०० लिटर. जुन्या वाड्याच्या दोन खोल्यांत सहा टिपाडं ठेवायला जागा कुठं आहे हे घर बघतानाच डोळ्यांसमोर आणा. बऱ्याच घरांत उत्तर "कुठंच नाही" असं निघतं.

साठवायला जागा असली तरी तेवढं पाणी येतं का हे वेगळं तपासावं लागतं. नळाला पाणी आलेल्या दिवशी जा, २० लिटरची बादली लावा आणि घड्याळ बघा. बादली दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला १० लिटर, दोन तासांत १,२०० लिटर. नळ तीन बिऱ्हाडांत असेल तर तुमच्या वाट्याला ४०० लिटर, म्हणजे वरच्या हिशोबाने दोन माणसांचे दोनच दिवस. उरलेले दिवस बोअर किंवा टँकर. कमी भाड्याचं कारण पुष्कळदा इथंच सापडतं.

काही घरांत नळाला थेट मोटार जोडलेली दिसेल. मुख्य जलवाहिनीतून मोटारीने पाणी ओढायला महापालिकेची मनाई आहे. तपासणीत मोटार जप्त होते आणि ती तुमच्या घरात सापडली तर त्रास तुम्हालाच. योग्य रचना अशी: नळाचं पाणी आपल्या दाबाने जमिनीतल्या हौदात पडतं, हौदाला फ्लोट व्हॉल्व्ह (हौद भरला की पाणी आपोआप बंद करणारा तरंगता नळ) असतो, आणि हौदातून वरच्या टाकीत मोटारीने चढवतात. या रचनेत पाणी अपरात्री सुटलं तरी माणूस घरी असावा लागत नाही. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे असतील तर हौद नसलेलं घर घेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

बोअर असेल तर पाणी चाखून बघा. इथल्या काळ्या कातळातलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉईलवर आणि नळाच्या जाळ्यांवर पांढरा थर बसतो. धुण्या-भांड्याला चालतं, पिण्याला नको. हौद शेवटचा कधी धुतला तेही विचारा आणि ड्रेनेजचा चेंबर हौदापासून किती लांब आहे हे स्वतः बघा. जुन्या वाड्यांत दोन्ही एकाच चौकात असतात. हौदाला तडा गेला आणि चेंबर तुंबला की सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळतं. पाण्याला वास येऊ लागला तर आधी हौदच तपासावा.

माळवद, स्लॅब आणि भिंती

जुन्या वाड्याचं छत माळवदी असतं. खाली लाकडी तुळया, त्यावर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा चिपा आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. तेव्हा हाच मातीचा थर उष्णता सहज आत येऊ देत नाही आणि माळवदाखालची खोली दुपारीसुद्धा सुसह्य राहते. शेवटच्या मजल्यावरची स्लॅबची खोली याच्या उलट वागते. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री खोलीत सोडतो, त्यामुळे बाहेर वारं सुटलं तरी आत झोप लागत नाही. वरच्या मजल्यावरचं घर बघायचं तर दुपारी चारनंतर जा आणि छताखाली हात उंच करून धरा. उकाडा तिथंच कळतो. पश्चिमेची भिंत उघडी असेल तर आणखी वाईट.

माळवदाची किंमत पावसाळ्यात मोजावी लागते. दरवर्षी मृगाआधी वरचं गवत काढून, नवी पांढरी माती टाकून, चोपून उतार धरावा लागतो आणि पाणी बाहेर टाकणाऱ्या पन्हळी मोकळ्या कराव्या लागतात. हे एक वर्ष राहिलं तरी पाणी मुरतं. सोलापुरात मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरात पडतो, त्यामुळे जून-जुलैत कोरडं वाटलेलं छत गणपतीच्या सुमाराला गळायला लागतं. म्हणून मालकाला विचारा: माती शेवटची कधी टाकली, यंदा कोण टाकणार, मजुरी कोण देणार. उत्तर करारात लिहून घ्या. काही मालक मातीऐवजी वर प्लास्टिक कागद किंवा सिमेंटचा कोबा टाकतात. कोब्याने गळती काही काळ थांबते, पण तुळयांवर कायमचं वजन वाढतं आणि कोब्याला तडा गेला की आत शिरलेलं पाणी सुकत नाही, लाकूड कुजतं.

तुळई तपासायची जागा मधली नसते. तुळई जिथं भिंतीत शिरते ते टोक आधी कुजतं, कारण भिंतीतला ओलावा तिथंच लाकडाला लागतो. तिथं मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. बोटाने ठोकलं की भरीव आवाज यायला हवा. पोकळ आवाज आला किंवा स्क्रू-ड्रायव्हरचं टोक सहज आत गेलं तर ती खोली नाकारा. ताजा रंग मारलेल्या तुळयांकडे जास्त बारकाईने बघा.

इथं पाणी आणि छत या दोन गोष्टी एकत्र येतात. १,००० लिटरची भरलेली टाकी म्हणजे १,००० किलो, एक टन. हे वजन माळवदावर किंवा माडीच्या लाकडी फळ्यांवर ठेवायचं नसतं. माडीवर राहणारे भाडेकरू जागा नाही म्हणून एका कोपऱ्यात चार टिपाडं मांडतात. ते ८०० किलो होतात आणि बहुधा दोनच कड्यांवर येतात. टाकी खाली चौकात, किंवा स्लॅबच्या भागावर भिंतीच्या रेषेत असावी. मालक "वर ठेवा, काही होत नाही" म्हणाला तरी ऐकू नका.

भिंतींच्या सगळ्या भेगा धोक्याच्या नसतात. गिलाव्यावरच्या केसासारख्या रेघा सगळ्याच जुन्या घरांत दिसतात. जिच्यात एक रुपयाचं नाणं शिरतं, जी खाली अरुंद आणि वर रुंद होत जाते, किंवा जी भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसते ती भेग घर हलल्याची खूण आहे. पिंपळाचं रोप भिंतीत रुजलेलं असेल तर मूळ आत कुठवर गेलंय ते बाहेरून कळत नाही. स्लॅबच्या इमारतीत बाथरूमचं छत बघा. तिथं ओल सगळ्यात जास्त असते, त्यामुळे गंजलेल्या सळया आणि सुटलेलं काँक्रीट आधी तिथंच दिसतं. पूर्व भागात, साखर पेठ किंवा भवानी पेठेच्या बाजूला घर बघत असाल तर खाली किंवा शेजारी यंत्रमाग आहे का ते कामाच्या वेळेत जाऊन बघा. मागाच्या आवाजाबरोबर भिंतीला येणारी थरथरही बारमाही असते.

मोडकळीला आलेल्या आणि पडण्याच्या बेतात असलेल्या बांधकामांवर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली महापालिका नोटीस काढते, आणि ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीच्या मालकाला कलम २६५-अ प्रमाणे संरचनेच्या स्थिरतेची तपासणी करून घ्यावी लागते. मालकाला सरळ विचारा की इमारतीला नोटीस आली होती का, तपासणी झाली का. धोकादायक इमारतींचे चार वर्ग करतात. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची, सी-२-अ म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२-ब म्हणजे न सोडता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. पहिल्या दोन वर्गांतली इमारत असेल तर भाडं कितीही कमी असो, तिथं राहायला जाऊ नये. अशा घरातून भर पावसाळ्यात बाहेर पडावं लागतं आणि तेव्हा हातात डिपॉझिटही नसतं.

सामान आत जाईल का हेही मोजूनच ठरवा. वाड्यांचे जिने खडे आणि अरुंद असतात, वळणावर डोकं टेकतं. दाराची रुंदी, जिन्याची रुंदी आणि वळणाची उंची टेपने घ्या. फ्रीज साधारण दोन फूट रुंद असतो, तो उभाच चढवावा लागतो. डबल बेड सुटा होणारा नसेल तर तो खालीच राहील. गल्लीत छोटा हत्ती शिरतो का, रात्री दुचाकी कुठं लावायची, हे त्याच फेरीत बघून घ्या.

लाईट

स्वतंत्र मीटर असेल तर महावितरणच्या बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक घ्या आणि महावितरणच्या ॲपवर थकबाकी बघा. जुनी थकबाकी राहिली तर वीज तुमची तुटेल. सबमीटर, म्हणजे मालकाच्या मीटरवरून काढलेला पोटमीटर, असेल तर नीट समजून घ्या. घरगुती विजेचा दर टप्प्यांनी वाढतो: ० ते १०० युनिट, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. समजा वाड्यात तीन बिऱ्हाडं आहेत आणि प्रत्येकाचा वापर महिन्याला १०० युनिट आहे. मीटर वेगळे असते तर तिघांनाही पहिल्या टप्प्याचा दर लागला असता. मीटर एकच असल्यामुळे एकूण ३०० युनिट होतात आणि त्यातली २०० युनिट दुसऱ्या, बऱ्याच महाग टप्प्यात जातात. तुम्ही कितीही काटकसर केली तरी शेजारच्या कूलरमुळे तुमचा दर चढतो. त्यातून मालक "युनिटला इतके रुपये" असा स्वतःचा दर लावत असेल तर मूळ बिल दाखवायला सांगा. एकूण बिल भागिले एकूण युनिट, गुणिले तुमचे युनिट, ही वाटणी सगळ्यात न्याय्य आहे. करारात तीच लिहावी.

वायरिंगकडे दुर्लक्ष करू नका, सोलापुरात तर मुळीच नाही. इथं उन्हाळ्यात कूलर लागतोच. पत्र्याचा कूलर, आत पाणी, आणि सॉकेटला अर्थिंग नाही, या जोडीने माणसं दगावतात. जुन्या लाकडी पट्टीवरच्या वायरिंगमध्ये तीन पिनांचा सॉकेट असूनही त्याची तिसरी पिन कशालाच जोडलेली नसते. वायरमनला पन्नास-शंभर रुपये द्यावे लागले तरी चालतील, पण अर्थिंग तपासून घ्या आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायला मालकाला सांगा. वीज अंगातून जमिनीत जाऊ लागली की हे यंत्र क्षणात पुरवठा तोडतं. मालक तयार नसेल तर स्वतःच्या खर्चाने बसवून भाड्यातून वळते करण्याचं बोलून घ्या. गिझरला १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट आणि जाड वायर लागते. पंख्याच्या लाईनवर गिझर जोडला तर वायर तापून इन्सुलेशन वितळतं.

घर देणारा कोण आहे

जुन्या पेठांत हा प्रश्न नव्या सोसायटीपेक्षा कितीतरी पटीने महत्त्वाचा आहे. मालकी पाहायची तर सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक (जागा कुणाच्या नावावर आहे याची सरकारी नोंद) मागा, त्यासोबत महापालिकेच्या मिळकत कराची चालू पावती आणि लाईट बिल. तिन्हींवरची नावं जुळली तर उत्तम. बहुतेक वेळा जुळत नाहीत, आणि ती का जुळत नाहीत यात खरी माहिती असते.

सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार सामाईक वाड्याचा. आजोबांच्या नावावरचा वाडा, वाटणी तोंडी झालेली, पत्रकावर पाच-सात वारसांची नावं. त्यातला एक भाऊ त्याच्या ताब्यातल्या खोल्या भाड्याने देतो. तो खोटं बोलत नसतो, पण उद्या पुण्याहून दुसरा भाऊ येऊन "मला न विचारता भाडेकरू कसा ठेवला?" म्हणाला तर अडचण तुमची होते. इतर वारसांची लेखी संमती किंवा मुखत्यारपत्र बघा. ते शक्य नसेल तर निदान डिपॉझिट कमी ठेवा आणि वाड्याबद्दल कोर्टात दावा चालू नाही असं करारात लिहून घ्या.

दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. घर दाखवणारा स्वतःच जुना भाडेकरू असतो, तीस-चाळीस वर्षांपासून किरकोळ भाडं भरणारा किंवा पागडीचा, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कायमचा भाडेकरू झालेला. तो आता जुळे सोलापूरला राहतो आणि पेठेतल्या खोल्या तुम्हाला देतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २६ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही, आणि तसं केलं तर मूळ मालकाला ताबा मागण्याचं ते कारण मिळतं. मालकाने दावा लावला की तुमचा करार त्याच्यापुढे टिकत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: त्याच्याकडे लाईट बिल असतं, कराची पावती नसते.

आणि घर न बघता, फक्त मोबाईलवरच्या फोटोंवरून, क्यूआर कोड पाठवून टोकन मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

करार

आपल्याकडे आज राहण्याची घरं बहुतेक लिव्ह अँड लायसन्स करारावरच दिली जातात. याचा अर्थ नीट कळला पाहिजे. भाडेपट्ट्यात भाडेकरूला त्या जागेत काही हक्क मिळतो. लायसन्समध्ये मालक तुम्हाला ठरावीक मुदतीपुरती वापराची परवानगी देतो, जागेत हक्क निर्माण होत नाही. मुदत संपली की घर सोडायचं. नाही सोडलं तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या, म्हणजे भाड्याच्या, दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. म्हणजे "भाडेकरू घर बळकावेल" ही मालकाची भीती नोंदणीकृत कराराने दूर होते, हे तुम्ही त्याला आपणहून सांगू शकता. तुमच्या बाजूने मात्र लक्षात ठेवा की परवानाधारकाला, म्हणजे लायसन्सवर राहणाऱ्याला, जुन्या भाडेकरूचं संरक्षण नाही. मुदत, नोटीस, दुरुस्ती, पाणी यांबद्दल जे करारात आहे तेवढंच तुमचं.

अकरा महिन्यांच्या कराराबद्दलचा गैरसमज फार खोल रुजलेला आहे. अकरा महिने असले की नोंदणी लागत नाही, १०० किंवा ५०० रुपयांच्या स्टँपवर नोटरी केली की झालं, असं लोक आणि कित्येक एजंटही सांगतात. महाराष्ट्रात हे चूक आहे. भाडे नियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास त्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणी नसताना अटींवरून वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. नोंदणीला टाळाटाळ करणाऱ्या मालकाला हे शांतपणे समजावून सांगितलं की तो बहुधा तयार होतो, कारण नुकसान त्याचंच आहे.

खर्च वाटतो तेवढा नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का. ते तीन रकमांच्या बेरजेवर लागतं: पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी काही रक्कम असेल तर ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज. समजा भाडं ७,००० रुपये, डिपॉझिट ३०,०००, मुदत ३६ महिने. भाडं झालं २,५२,०००. डिपॉझिटवरचं व्याज वर्षाला ३,०००, तीन वर्षांचं ९,०००. बेरीज २,६१,०००, तिचा पाव टक्का ६५२ रुपये ५० पैसे. शंभराच्या पटीत वर नेलं की ७००. शहरात नोंदणी फी १,००० रुपये, त्यावर दस्त हाताळणीचं थोडं शुल्क आणि एजंटाकडून करून घेतलं तर त्याची मजुरी. लांब मुदतीचा करार केला की दर अकरा महिन्यांनी नवी नोंदणी फी भरावी लागत नाही. मुदत ६० महिन्यांपर्यंत ठेवता येते आणि मधेच सोडण्याची सोय नोटिशीच्या कलमाने करता येते. हा खर्च कुणी करायचा ते आधी ठरवा. निम्मा-निम्मा हा रास्त मार्ग आहे.

नोंदणी ऑनलाइन होते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मिळकतीचा तपशील, दोघांची माहिती आणि अटी भरतात, शुल्क ग्रास या सरकारी ऑनलाइन भरणा प्रणालीतून भरतात, मग मालक, तुम्ही आणि दोन साक्षीदार यांचे फोटो आणि अंगठे आधारशी पडताळून घेतात. नोंदणी झाली की दस्त आणि इंडेक्स-दोन (नोंदणीचा सारांश देणारा उतारा) मिळतं. इथं नेहमी अडतं ते अंगठ्यावर. वयस्क मालकांचे ठसे झिजलेले असतात, आधार नंबर जुन्या मोबाईलला जोडलेला असतो. करार करायच्या दिवसाआधीच आधार अपडेट आहे का विचारून घ्या. नोंदणीकृत दस्त पुढे आधारवरचा पत्ता बदलायला, गॅसच्या जोडणीला कामाला येतो, नोटरीचा कागद बहुतेक ठिकाणी परत पाठवला जातो.

करारात पेठेतल्या घरासाठी खास लिहायच्या गोष्टी: खोल्यांची संख्या आणि मजला, संडास-बाथरूम स्वतंत्र की सामाईक, हौद आणि नळाचा वापर, टँकर लागला तर कुणाचा खर्च, माळवदाची माती आणि गळतीची दुरुस्ती मालकाकडे, वीज वाटणीचं सूत्र, तुंबलेल्या ड्रेनेजचा खर्च. भाडेवाढ टक्क्यांत न लिहिता दरवर्षीची रक्कम रुपयांत लिहा. डिपॉझिटला आपल्या राज्यात कायद्याने कमाल मर्यादा घातलेली नाही. दोन महिन्यांची जी मर्यादा ऐकू येते ती केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यातली आहे, महाराष्ट्राने तो लागू केलेला नाही. त्यामुळे रक्कम बोलून ठरवावी, बँकेतून द्यावी आणि "किल्ली परत देताना डिपॉझिट परत" हे शब्द करारात यावेत. रंगरंगोटीच्या नावाखाली एक भाडं कापण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. मान्य असेल तर लिहा, नसेल तर "नेहमीच्या झिजेसाठी कपात नाही" असं लिहा. मांसाहार, पाहुणे, एकट्या मुला-मुलींनी राहणं यांबद्दल मालकाची अट असेल तर ती आधीच कळू द्या. राहायला आल्यावर निघालेल्या तोंडी अटींनी नाती बिघडतात.

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायचं काम मालकाचं. जुन्या गावातल्या पत्त्यांसाठी फौजदार चावडी, जेलरोड, जोडभावी पेठ यांपैकी जे ठाणं लागू असेल तिथं ती जाते. तुम्ही आधारची प्रत, फोटो, मूळ गावचा पत्ता आणि कामाच्या ठिकाणाची माहिती तयार ठेवा.

राहायला जाणं आणि सोडणं

सामान हलवायची तारीख जानेवारीच्या मध्यात ठेवू नका. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते. बाळीवेसेजवळच्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि जुन्या गावातले रस्ते वाहनांना बंद होतात. गणपती विसर्जनाचा दिवसही तसाच. तुमची गल्ली या मार्गावर असेल तर त्या दिवसांत गाडी बाहेर लावायची जागा आधीच शोधून ठेवावी.

किल्ली घेण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा: प्रत्येक भिंत, छत, ओटा, नळ, पंखे, खिडक्यांच्या काचा, आणि मीटरचं रीडिंग स्पष्ट दिसेल असं. तो त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. भाडं दर महिन्याला खात्यातून द्या. रोख द्यावंच लागलं तर पावती घ्या.

सोडताना नोटीस लेखी द्या, व्हॉट्सॲपबरोबर कागदावरही, आणि मालकाची पोच सही घ्या. शेवटच्या दिवशी दोघांनी मिळून सुरुवातीचा व्हिडिओ बघत घर तपासावं. टिपाडं आणि टाकी रिकामी करा, मीटरचा फोटो काढा. शेवटचं लाईट बिल तुम्ही गेल्यावर येतं, त्यासाठी मालक पूर्ण डिपॉझिट अडवून ठेवतो. त्यावर उपाय असा: मागच्या तीन बिलांची सरासरी काढून तेवढीच रक्कम मालकाकडे ठेवायची, बाकीचं डिपॉझिट किल्लीबरोबर हातात घ्यायचं, आणि ठेवलेली रक्कम बिल आल्यावर वळती करून उरलेले पैसे किती दिवसांत द्यायचे हे एका ओळीत लिहून दोघांनी सह्या करायच्या. करार मुदतीआधी संपवत असाल तर त्याचाही लेखी कागद करून घ्या, नाहीतर नोंदणीच्या दस्तात तुम्ही त्या पत्त्यावर मुदत संपेपर्यंत राहतच असता.